कोंड्याच्या रिंगणाला दार होतं

बसस्थानकात झाडू मारणारी बाई तुमच्या बाकाजवळ आली की तुम्ही पिशवी उचलून मांडीवर घेता. झाडू मारणारं मशीन आलं की पिशवी तिथेच राहू देता आणि फक्त पाय वर करता. का?

उत्तर लगेच देऊ नका. आधी हे वाचा.

मी या सदरात कधी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर इथले अनुभव मी हसण्यासाठी वाचत आले... पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखालची बाई. आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षीच तो गेला, आणि त्याच्याबरोबर भूत-खेत, अंगारा, करणी सगळंच गेलं. माझे बाबा जयंतीच्या आणि परिषदांच्या मैदानांवर चादर पसरून पुस्तिका आणि पत्रकं विकायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर. बाबांचा एकच नियम होता — अर्धं खरं छापायचं नाही. म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते आहे. त्यातलं जे मला कळलेलं नाही, तेसुद्धा. आणि माझी जी चूक झाली, तीसुद्धा.

गावाचं नाव देत नाही. ब्रह्मपुरीहून वैनगंगेकडे बसने अर्धा तास, एवढं पुरे. बसस्थानक जुनंच आहे. मोठा हॉल, सहा खांब, खांबांभोवती सिमेंटचे बाक. डाव्या हाताला चौकशीची खिडकी, उजव्या हाताला गुलाबभाऊंचं कॅन्टीन. हॉलच्या समोर फलाट, आणि फाटकाबाहेर शेअर जीपा. चौकशीच्या खिडकीखाली भिंतीला एक प्लग आहे. मशीन तिथे उभं राहून चार्ज होतं.

या हॉलमध्ये माझी आत्या सतरा वर्षं झाडू मारत होती. सोनाआत्या, माझ्या बाबांची मोठी बहीण. ठेकेदार बदलत गेले, आत्या तीच राहिली. शाळा सुटल्यावर बस येईपर्यंत मी तिसऱ्या खांबाच्या बाकावर बसून तिचं काम पाहत असे, त्यामुळे ते मला तोंडपाठ आहे.

आमच्याकडे पावसाळ्यात धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की बायांच्या टोळ्या या गावाहून त्या गावाला जातात. संध्याकाळी त्या परत येतात तेव्हा पायाला, लुगड्याला, थैल्यांना बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, चिखल असतो. हॉलभर तो पडतो. ओला असताना पुसला तर पसरतो, वाळला तर फरशीला धरून बसतो. आत्याचा उपाय साधा होता. राइस मिलमधून ती धानाचा कोंडा आणायची, म्हणजे धानाची वरची टरफलं. चिखलावर मूठमूठ टाकायची, थोडा वेळ थांबायची. कोंडा ओल पिऊन घ्यायचा आणि मग खराट्याने सगळं एका फटक्यात निघायचं. चौकशीच्या खिडकीमागे तिचं कोंड्याचं पोतं कायम असायचं.

त्याच कोंड्याचा तिचा आणखी एक उपयोग होता. हॉलमध्ये कोणी आडवं दिसलं की ती खराट्याच्या दांड्याने त्याच्या तळपायाला हळूच तीनदा टोचायची. माणूस कुरकुरला, शिवी दिली, कूस बदलली, तर ठीक. काहीच केलं नाही, तर ती त्याच्याभोवती कोंड्याचं रिंगण टाकायची आणि कंट्रोलर साहेबांना बोलवायला जायची. रिंगण दिसलं की ड्रायव्हर-कंडक्टर समजायचे... इथे कोणीतरी बिमार आहे, गर्दी करू नका. अशी किती माणसं तिने दवाखान्यात धाडली याची नोंद कुठेच नाही.

त्या रिंगणात पायाच्या बाजूला ती वीतभर जागा मोकळी ठेवायची. मी एकदा विचारलं होतं, पूर्ण का करत नाहीस. ती म्हणाली, "दार ठेवा लागते, पोरी. मदत आली त कुठून येईल?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

या उन्हाळ्यात मशीन आलं. गुडघ्याएवढं उंच, वरून गोल पाठीचं, पांढरं. बायांनी पहिल्याच दिवशी त्याला कासव म्हटलं. फीत कापली, फोटो निघाले. त्याच्या पाठीवर स्टिकर होतं — "मी पाहतो, मी स्वच्छ करतो." तीन बायांना ठेकेदाराच्या माणसाने फोनवर सांगितलं की उद्यापासून येऊ नका. त्यातली एक सोनाआत्या. कोंड्याचं पोतं कोणीतरी उचलून फाटकाबाहेर फेकलं, गाईंनी विस्कटलं, पावसाने वाहून नेलं.

मी रागावले. पण रागापेक्षा मला जास्त आश्चर्य वाटलं ते लोकांचं. कासव आलं की आया पोरांना म्हणायच्या, टाटा कर. लोक त्याच्यासाठी उठून जागा द्यायचे. आतून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज यायचा — "कृपया बाजूला व्हावे, स्वच्छता सुरू आहे" — आणि आमच्याकडची तापट माणसं निमूट बाजूला व्हायची. एक गुरुजी आपली बॅग त्याच्या भरवशावर ठेवून चहा प्यायला गेले. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, मशीन चोरी करत नाही. मी विचारलं, माझ्या आत्याने कधी केली होती? ते हसले, म्हणाले, तसं नाही हो... आणि कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहिली, पण समजले नाही. कासवाला कॅमेरा आहे म्हटल्यावर लोकांनी आजूबाजूला पाहणं सोडलं. कुठे काही सांडलं, कोणी पडलं, तर "मशीननं पाह्यलं असंल" असं म्हणायचे आणि मोबाइलमध्ये मान घालायचे. प्रत्यक्षात कासवाला खांब आणि माणूस यातला एवढाच फरक कळायचा की माणूस हलतो.

मी पत्रक लिहायला घेतलं. मथळा — "तीन झाडू आणि एक यंत्र". पुराव्यासाठी मला व्हिडिओ हवा होता. रोवणीचा चिखल त्या मशीनला निघत नाही, उलट ते तो हॉलभर फासतं, हे मला दाखवायचं होतं. म्हणून बाजाराच्या सोमवारी दुपारी मी तिथे गेले. साडेतीन वाजले होते. ऊन-पाऊस चालू होता, हॉल भरलेला, फरशीवर चिखलाचे पाय. मी तिसऱ्या खांबाला टेकून मोबाइल सुरू केला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मधे फरशीवर एक बाई झोपली होती. डोक्याखाली थैली, तोंडावर पदर, पाय पोटरीपर्यंत चिखलाचे. रोवणीवरून आलेली थकलेली बाई. मी तिच्याकडे एवढंच पाहिलं. खोटं का सांगू?

कासव चिखल फासत सरळ आलं, तिच्यापाशी थांबलं, "कृपया बाजूला व्हावे" म्हणालं. बाई हलली नाही. असं झालं की ते वळसा घालून पुढच्या ओळीत जातं, हे मी दहादा पाहिलं होतं. पण ते पुढे गेलं नाही. त्याने बाईभोवती एक पूर्ण फेरी मारली. परत तिच्या पायाशी थांबलं. "कृपया बाजूला व्हावे." मग दुसरी फेरी.

लोक हसायला लागले. गुलाबभाऊ कॅन्टीनमधून ओरडले, "अबे, पाह्य पाह्य, कासव फेरे घेऊन राह्यलं. वऱ्हाडी व्हा रे कोणी." मीसुद्धा हसले. मला वाटलं, मशीन बिघडलं... याहून चांगला पुरावा कोणता? मी आणखी जवळ जाऊन शूटिंग करू लागले. माझा व्हिडिओ चार मिनिटं दहा सेकंदांचा आहे. म्हणजे एक बाई माझ्यासमोर मरत होती आणि मी चार मिनिटं दहा सेकंद मशीनकडे पाहत होते.

तिसऱ्या फेरीच्या वेळी माणसं जमली. त्यांचे पाय मोबाइलच्या समोर आले, काही क्षण नुसते पायच. मग फाटकाबाहेर जीपवाल्याने हाक दिली, अर्धी माणसं तिकडे धावली, आणि मला फरशी पुन्हा दिसली.

बाईभोवती कोंड्याचं रिंगण होतं.

कोरडा, पिवळा, ताजा कोंडा. हातभर अंतर सोडून, सारख्या जाडीचा. मघा तिथे ओली फरशी होती... व्हिडिओत पहिल्या मिनिटाला तिच्यावर कोंड्याचा कणही दिसत नाही. कासव तिच्या पायाशी गप्प उभं होतं. आणि त्या रिंगणाला, पायाच्या बाजूला, वीतभर जागा मोकळी होती.

माझ्या हातातून मोबाइल पडला. व्हिडिओ तिथेच संपतो.

मी त्या मोकळ्या जागेतून आत गेले. वरून उडी मारूनही जाता आलं असतं, पण पाय तिथूनच गेले. पदर बाजूला केला. तिच्या पापण्या अर्ध्या उघड्या होत्या आणि त्या तिला ना मिटता येत होत्या, ना उघडता. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. मी हाक मारली तर तिच्या एका बोटाने फरशीवर किंचित खाजवल्यासारखं केलं. तिला सगळं ऐकू येत होतं. फक्त सांगता येत नव्हतं.

आमच्याकडच्या कोणत्याही माणसाला हे कळतं, पाहिलं तर. मण्यार. चावलेलं दुखत नाही, खूण दिसत नाही, माणूस फक्त झोपाळतो. मी कंट्रोलर मडावी साहेबांना ओरडून बोलावलं. त्यांनी एक पापणी वर करून पाहिली आणि बाकी काहीच न विचारता जीप रिकामी करवली. गुलाबभाऊंनीच तिला उचललं. वीस मिनिटांत दवाखाना, तिथून पुढे मोठा दवाखाना, व्हेंटिलेटर. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर श्वास थांबला असता.

तिला मी इथे शेवंताबाई म्हणते. नाव बदललेलं आहे. गडचिरोलीकडची. रोवणीसाठी मालकाच्या गोठ्याच्या ओसरीत जमिनीवर झोपत होती. सकाळी पोट दुखलं, डोळे जड झाले, म्हणून काम सोडून घरी निघाली होती.

आता माझी चूक.

त्या संध्याकाळी, दवाखान्यातून येताना, मी तो व्हिडिओ आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. "हेच का तुमचं आधुनिक मशीन? बाई मरत होती आणि हे फेऱ्या मारत होतं" — असं काहीतरी लिहून. कोंड्याचा मी उल्लेखही केला नाही. मला ते समजत नव्हतं, आणि जे समजत नाही ते बाजूला ठेवून आपल्या मुद्द्याचं तेवढं मी छापलं. बाबांचा नियम मी मोडला.

सकाळपर्यंत कोणीतरी त्याचं शेवटचं अर्धं मिनिट कापून वेगळं काढलं होतं. रिंगण, गप्प उभं कासव, मोबाइल पडताना गरगरलेलं चित्र. मागे डफाचा आवाज टाकलेला. आणि वर लिहिलेलं — "कामावरून काढलेल्या बाईची भानामती. मशीन तिच्या ताब्यात."

सतरा वर्षं ज्या बाईचं नाव कोणी विचारलं नव्हतं, तिचं नाव, गाव, फोटो सगळं एका रात्रीत सापडलं.

चंद्रपूर-गडचिरोलीत भानामती हा शब्द गमतीचा नाही. हा शब्द लागला की काय होतं, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको. बाईला गाव सोडावं लागतं. कधी त्याहून वाईट.

सोनाआत्या त्या सोमवारी कुठे होती? बसस्थानकापासून पस्तीस किलोमीटरवर, आपल्या गावी, गुडघाभर चिखलात, अकरा बायांच्या ओळीत रोवणी करत. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत. अकरा साक्षीदार. पण भानामतीला साक्षीदार चालत नाहीत, ती तर म्हणे लांबूनच करतात.

बुधवारी मी गावी गेले. आत्या बांधीत होती. रोवणीची ओळ तुम्ही पाहिली असेल, बाया कोपराला कोपर लावून वाकलेल्या असतात, हसणं, टोमणे, गाणी. त्या दिवशी आत्याच्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी होती. डाव्या हातालाही. ती मधे एकटी रोवत होती, आणि तिचीच ओळ सगळ्यात सरळ होती.

बांधावर बसून भाकर खाताना मी तिला सगळं विचारलं. कोंडा कोणी टाकला असेल? दाराचं कोणाला सांगितलं होतंस? ती म्हणाली, तुझ्याशिवाय कोणी कधी विचारलंच नव्हतं. मग तिने मला विचारलं, ती बाई जगली ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मंग झालं. बाकीचं मले नाई माहीत. तू शिकलेली आहेस, तुले माहीत असंल त सांग."

मी शिकलेली आहे. म्हणून मी शोधलं. नागपूरहून मशीनची तंत्रज्ञ आली होती, शिल्पा नावाची, शांत, कामापुरतं बोलणारी मुलगी. मी तिच्याशी भांडायच्या तयारीनेच गेले होते. तिने माझ्यासमोर कासवाचं पोट उघडलं. आत कुरकुऱ्यांची पाकिटं, कडुलिंबाची पानं, चिखल. कोंड्याचं एक टरफलही नाही. ती म्हणाली, हे मशीन फक्त ओढून घेतं, बाहेर टाकायला त्यात सोयच नाही. मग तिने लॅपटॉपवर सोमवारची नोंद काढली. त्यानुसार कासव दुपारी तीनला दहा मिनिटं कमी असताना चार्जिंगला लागलं आणि साडेचारपर्यंत भिंतीपासून हललंच नाही.

मी तिला व्हिडिओ दाखवला. तीन वाजून सदतीस मिनिटं. ती तो पाच वेळा पाहत राहिली. घड्याळं चुकू शकतात, म्हणाली. नोंदही चुकू शकते. मी विचारलं, तुम्हाला चुकलेली वाटते का? तिने नोंद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. "मॅडम, मी रिपोर्टमध्ये लिहीन की नोंद चुकली. पण मला ते दिसत नाहीये."

हॉलमधल्या जितक्या माणसांना गाठता आलं तितक्यांना मी विचारलं. गुलाबभाऊ, मडावी साहेब, दोन कंडक्टर, व्हिडिओत ज्यांचे पाय दिसतात त्यांच्यातले पाच जण. कोंडा टाकताना कोणी कोणाला पाहिलेलं नाही. बाजारात त्या दिवशी कोणी कोंडा घेऊन आलं असेल आणि गर्दीत टाकून गेलं असेल... हे होऊ शकतं. मी ते नाकारत नाही. पण दार? ते कोणाला माहीत होतं?

शुक्रवारी सकाळी दहाला आत्याच्या गावात लोकांनी या भानामतीच्या आरोपावरून बैठक बोलावली. त्याच्या आदल्या दिवशी गुलाबभाऊ माझ्याकडे आले. माणूस वाईट नाही, पण निरोप वाईट होता. ठेकेदाराचं म्हणणं असं की लोक आता मशीनजवळ जायला घाबरतात, कोणी त्याच्यासमोर लिंबू ठेवून गेलं, कोणी कुंकू लावलं. तर सोनाबाईने एकदा यावं, सगळ्यांसमोर मशीनला नारळ फोडावा, शांत कर म्हणावं. मग तिला कामावरही परत घेऊ, आणि गावातही कोणी काही बोलणार नाही.

गुलाबभाऊ म्हणाले, "पाह्य बाई, एक नारळ त आहे. नारळाने का होते?"

मला एक गोष्ट कबूल करायची आहे. क्षणभर मला वाटलं, हो म्हणावं. काम परत, गाव परत. एक नारळ. पण मग आयुष्यभर ती काय म्हणून तिथे उभी राहील? झाडणारी म्हणून नाही, मशीन बांधून ठेवणारी म्हणून. आणि उद्या एखादं मूल बिमार पडलं की लोक कोणाच्या दारात जातील? मी काही ठरवलं नाही. ठरवायचं आत्याने होतं. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, उद्या बैठकीत सांगतो.

बैठक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. चाळीस-पन्नास माणसं. आधी मी उभी राहिले. मी पूर्ण व्हिडिओ लावला, चार मिनिटं दहा सेकंद, आवाजासकट, माझ्या हसण्यासकट. सांगितलं, हे मी काढलं, मीच टाकलं, आणि अर्धं लपवून टाकलं. दोष कोणाला द्यायचा असेल तर मला द्या, जिने बाईऐवजी मशीन पाहिलं. कोंडा कुठून आला हे मला माहीत नाही. शिल्पाला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. आणि माहीत नाही, या एका कारणावरून कोणत्याही बाईचं नाव घ्यायचा अधिकार कोणालाच नाही... त्यासाठी आपल्या राज्यात कायदा आहे, आणि जो नाव घेईल त्याचं नाव मी पोलीस ठाण्यात लिहून देईन.

एक म्हातारे भाऊ म्हणाले, कायदा राहू दे पोरी, मन शांत व्हावं म्हणून बाईने नारळ फोडायला काऊन नाही म्हणावं?

तेव्हा आत्या उठली. ती सभेत कधी बोललेली नाही. पदर खोचला, जसा ती झाडायच्या आधी खोचते.

"झाडू माराले बोलवा, येतो," ती म्हणाली. "नारळ फोडाले नाई येत. मी सतरा वर्सं तिथी झाडलं. कोणी पडलं दिसलं त पायाले हात लावला. तेवढीच माझी विद्या आहे. ते कोणाले शिकाची असंल त शिकवतो."

आणि बसली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी माफी मागितली नाही. लोक हळूहळू उठून गेले. पण शनिवारी सकाळी आत्याचा मला फोन आला, रोवणीच्या ओळीत तिच्या उजव्या हाताला एक जण उभी राहिली होती. कोण? तर त्या म्हाताऱ्या भाऊंची सून. डावी बाजू अजून रिकामी आहे, म्हणाली, आणि हसली.

इथे मला थांबता आलं असतं. पण अर्धं खरं छापायचं नाही.

तीन आठवड्यांनी मी शेवंताबाईंना त्यांच्या घरी भेटायला गेले. गळ्यात नळी घातली होती त्यामुळे त्यांचा आवाज घोगरा झालाय. चहा झाला, मुलांच्या शाळेचं झालं. मग त्यांनी मुलीला बाहेर पाठवलं आणि मला जवळ बसवलं. म्हणाल्या, त्या दिवशी सगळं ऐकू येत होतं. हसणं, बसच्या घंट्या, मशीनचं बाजूला व्हा, बाजूला व्हा. आपण मेलो, असंच वाटत होतं. आणि मग...

"कोणी तरी माह्या पायाले दांडा टोचला. हळूच. तीनदा. मले वाटलं, कोणी तरी मले माणूस समजून उठवून राह्यलं."

मी त्यांना तीनदाबद्दल काहीही सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. गर्दीचे पाय मधे आले ते काही क्षण सोडले, तर व्हिडिओत त्यांचे तळपाय पूर्ण वेळ दिसतात. त्यांना कोणीही हात लावत नाही. मीसुद्धा नाही.

मी त्यांना विचारलं, हे लिहू का? यावरून लोक पुन्हा आत्याचं नाव घेतील. त्यांनी बराच विचार केला. "लिही. पण माहं नाव बदल. अना असं लिही का ज्यानं उठवलं तो कोणी बी असो, त्यानं वाईट नाई केलं."

लिहिलं.

आजची स्थिती अशी आहे. कासव अजून चालतं. आत्याला अजून कामावर बोलावलेलं नाही. तिघींचा अर्ज दिलेला आहे, आणि मी दर सोमवारी बसस्थानकात पत्रकं घेऊन उभी असते. ते मशीन तिथे राहूही दे, पण त्याच्यासोबत बघणारी माणसं पाहिजेत, एवढीच मागणी आहे. मडावी साहेबांनी आपल्या खर्चाने कोंड्याचा डबा चौकशीच्या खिडकीवर ठेवला आहे. त्यावर त्यांनी हाताने लिहिलंय — "कोणी पडलेलं दिसल्यास." कुंकू लावलेलं कासव मी स्वतः ओल्या फडक्याने पुसलं.

कोंडा कुठून आला, मला माहीत नाही. कासव भिंतीपासून कसं निघालं, मला माहीत नाही. शेवंताबाईंच्या पायाला काय लागलं, मला माहीत नाही. मी भूत मानत नव्हते आणि आजही मानत नाही. माझ्याकडे दुसरा कोणता शब्दही नाही. तुमच्याकडे असेल तर कळवा... फक्त त्या शब्दात कोणत्याही बाईचं नाव नको.

आणि एक काम करा. या आठवड्यात तुम्ही कुठेतरी थांबणार आहात — बसस्थानक, स्टेशन, दवाखान्याचा व्हरांडा. तिथे कोणीतरी फरशीवर तोंड झाकून पडलेलं असेल. मशीन त्याला वळसा घालून जाईल. माणसंही जातील. तुम्ही जाऊ नका. पिशवी खाली ठेवा, वाका, त्याच्या पायाला हात लावा आणि विचारा — बरं आहे ना? एकदा विचारून उत्तर आलं नाही तर तीनदा विचारा.

रिंगणाला दार ठेवलेलं असतं. आत जा.